नारुतोचा आवाज

जपानी कार्टून मालिकेतल्या नारुतोला इंग्रजीत एका बाईचा आवाज आहे, असं मी भाच्याला सांगितलं.

"आत्या, नारुतो मुलगा आहे! बाई कशी बोलेल?" भाचा हसतच सुटला.

मी मोबाइलवर तिचा फोटो दाखवला. माइली फ्लॅनगन. 2005 साली इंग्रजीतला नारुतो बोलू लागली, तेव्हा चाळिशीची होती. पहिल्या मालिकेचे 220 भाग, पुढचीचे 500. जपानीतही त्याला आवाज बाईचाच, जुन्को ताकेउची यांचा.

ओठांची उघडझाप चित्रात आधीच ठरलेली. इंग्रजी वाक्य तेवढ्यातच बसवायचं. शिवाय धापा, किंकाळ्या, तोंडात घास असतानाचं बोलणं, सगळं घशातून काढायचं.

भाच्याने मारामारीचा प्रसंग पुन्हा लावला, डोळे मिटून ऐकला. मग हळूच म्हणाला, "इथे तिचा घसा दुखला असेल ना गं?"

सकाळपासून तेच डोक्यात आहे. भागाच्या शेवटी येणारी कलाकारांची नावं मी कायम न वाचताच पुढे ढकलत आले.

तुमच्या लहानपणीच्या कार्टूनमध्ये कोण बोलायचं, आठवतंय?