आमची वाटचाल : सी-आर्म वेळेवर थांबवताना

सी-आर्म म्हणजे पेशंटभोवती फिरणारं, इंग्रजी C च्या आकाराचं एक्स-रे मशिन : एका टोकाला एक्स-रे सोडणारी ट्यूब, दुसऱ्या टोकाला प्रतिमा टिपणारा डिटेक्टर. तो फिरवून दाखवणारे पुष्कळ आहेत. आमचं काम तो थांबवण्याचं. ब्रेक, आर्म कुठे आहे ते मोजणारे एन्कोडर, धडक ओळखणारे बंपर आणि त्यांची सर्किटं आम्ही बनवतो, आणि या कामात आमच्याइतका हट्टी कारखाना मी पाहिलेला नाही.

सुरुवात अण्णांच्या लेथवर झाली. अण्णा माझे भागीदार, वयानं मोठे. शाफ्टवर बोट फिरवून रनआउट, म्हणजे तो फिरताना किती डगमगतो ते, सांगायचे. मग डायल गेज लावावा तर तोच आकडा. लोखंड त्यांच्याकडे, सर्किट माझ्याकडे. पहिली कामं ब्रेकची होती. वीज असेपर्यंत कॉइल ब्रेक उघडा धरते, वीज गेली की स्प्रिंग तो आवळते, म्हणून लाइट गेली तरी ट्यूबहेड पेशंटवर उतरत नाही. अण्णा प्रत्येक ब्रेकला रात्रभर वजन टांगून ठेवायचे. सकाळी गेजचा काटा जरासा जरी सरकलेला दिसला, तरी ब्रेक पुन्हा खोलायचा. गाडी दारात उभी असली तरी खोलायचा.

मग बंपरकडे वळलो. डिटेक्टर लांब ठेवून भागत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ट्यूबपासून डिटेक्टरचं अंतर १०० वरून १२० सेंटिमीटर केलं की तशाच प्रतिमेसाठी १.४४ पट एक्स-रे मात्रा लागते, आणि ती पेशंटच्या अंगावर पडते. त्यामुळे तो जवळजवळ अंगाला लावावा लागतो आणि आमचा सगळा खेळ त्या शेवटच्या काही सेंटिमीटरांत. सेकंदाला १५ सेंटिमीटरनं येणाऱ्या डिटेक्टरला थांबण्याचा निरोप ४० मिलिसेकंद उशिरा मिळाला, तर ब्रेक धरायच्या आधीच तो ६ मिलिमीटर पुढे गेलेला असतो.

आम्ही दोन थर ठेवले. कपॅसिटिव्ह पट्टी अंग जवळ आल्याचं ओळखून वेग उतरवते. तरीही काही टेकलंच, तर बंपर दबतो, मायक्रोस्विचचा एनसी, म्हणजे एरवी बंद असणारा, कॉन्टॅक्ट उघडतो आणि रिले मोटरचा सप्लाय तोडतो. या वाटेत सॉफ्टवेअर येत नाही. वायर तुटली तरी मशिन थांबतं. पुढे ते फक्त उलट दिशेला, सावकाश, आणि बटण दाबून धरलं तरच हलतं, म्हणजे अडकलेल्या माणसाला सोडवता येतं.

आमचा बहुतेक माल तेव्हा एकाच मोठ्या कंपनीला जायचा. तिथून तक्रार आली : आर्म मधेच अडतो, तुमची पट्टी खराब. मी ऑसिलोस्कोप घेऊन गेलो. त्यांच्या फिटरनी सेन्सरची केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून ओढलेली, शील्डचं अर्थिंग सोडून दिलेलं. मोटरचा ड्राइव्ह स्विच झाला की पट्टीच्या सिग्नलवर काटे उठत होते, स्क्रीनवर लख्ख दिसत होते. तिथल्या साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. कारण दुसरा पुरवठादार त्याची यंत्रणा आधीच बसवून गेला होता. त्यानं बंपरच काढून टाकले होते. एन्कोडरवरून टेबल आणि आर्म कुठे आहेत याचा हिशेब सॉफ्टवेअर करणार, आणि धडक होणारच नाही. डेमो झकास झाला, टाळ्या पडल्या. मी एवढंच विचारलं, सलाइनचा स्टँड कुठे आहे ते तुमच्या सॉफ्टवेअरला कोण सांगणार? पेशंटचं टेबलाबाहेर आलेलं कोपर? एकच बिघाड झाला तरी पेशंटला धोका नको, हे वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१ मानकाचं तत्त्व आहे. इथे हिशेब चुकला तर मध्ये काय उरतं? उत्तर मिळालं नाही. ऑर्डर गेली आणि पोचवलेल्या मालाचे पैसेही अडकले. मिलिंग मशिन विकलं, लेथ तेवढा ठेवला. अण्णांनी त्या काळात पगाराचं नावही काढलं नाही.

तगलो ते एका सर्व्हिस इंजिनिअरमुळे. जुन्या मशिनींची देखभाल ते करायचे. झिजलेले ब्रेक, कोन मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरची दात गेलेली गिअरं, सगळं आमच्याकडे पाठवायचे आणि प्रत्येक खोक्यात चिठ्ठी : किती वजनाला घसरतो, कुठल्या कोनात, गरम झाल्यावर की थंड असताना. अशी चिठ्ठी लिहिणारा माणूस या धंद्यात मला पुन्हा भेटला नाही. त्यांच्या शब्दावर इतर लोक आले आणि गाडी रुळावर आली. नंतरची वर्षं बरी गेली.

मशिन घेणाऱ्यांना सांगतो, रिकाम्या टेबलावरचा डेमो बघून सही करू नका. ड्रेप, म्हणजे वरून घालायचं निर्जंतुक आवरण, चढवा, तो ओला करा, सगळ्यात जास्त वेगात आर्म आणा आणि आडवा फोर्स गेज धरा. थांबेपर्यंत जास्तीत जास्त किती जोर लागला ते लिहून घ्या. शिसाचा एप्रन डिटेक्टरवर लटकवू नका, ब्रेक त्या वजनासाठी बसवलेला नसतो. आणि फिटरला केबल वेगळ्या ओढायला लावा, स्वतः उभं राहून.

त्या मोठ्या कंपनीच्या मशिनीवर पुढे बंपर परत आले. आमचे नव्हेत, दुसऱ्याकडून करवून घेतलेले. एक आमच्याकडे दुरुस्तीला आला तेव्हा अण्णांनी तो उलटा करून मला दाखवला. आमच्या पट्टीत एका टोकाला एक जादा भोक असायचं; अण्णांच्या जिगवर, म्हणजे काम करताना पट्टी पकडून ठेवणाऱ्या साच्यावर, पट्टी बसवायला लागायचं म्हणून पाडलेलं, मशिनवर त्याचा काही उपयोग नाही. त्या बंपरलाही ते भोक होतं, त्याच जागी, त्याच मापाचं. आमचे पैसे मात्र अजून आलेले नाहीत.