बेळगाव कॅम्प ते पुंगली पूल

आंबोली घाट चढून चंदगड, शिनोळी करत बेळगावात शिरलं की पाट्या कन्नड होतात, पण टपरीवरचा चहा मराठीतच मिळतो. "बसा वो, काय घेतासा?" कुंदा परतीच्या वाटेवर घ्यायचा असं ठरवून थेट कॅम्प गाठला.

मिलिटरी महादेवाचं देऊळ लष्कराच्या देखरेखीखालचं, त्यामुळे लखलखीत. इथे चपलासुद्धा ओळीत. जवळच मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर. आतलं शर्कत युद्ध स्मारक आणि संग्रहालय बघायचं तर आधी परवानगी काढावी लागते. बाहेर फोटोबिटो काढायच्या फंदात पडू नका.

बेळगावला लोक मराठा लाइट इन्फन्ट्रीची हिरवी टोपी बघायला येतात. मी मात्र मरून टोपीवाल्यांच्या, म्हणजे विमानातून छत्रीने उडी मारणाऱ्या पॅरा सैनिकांच्या मागावर होतो.

आपल्या छत्रीधारी सैन्याची सुरुवात १९४१ ची. त्या ऑक्टोबरात दिल्लीला ५० वी पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. मराठे त्यात आले ते महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, आणि आली ती तिसरी मराठा पलटण. नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. १० जुलै १९४४ ला इटलीत सेक्शनचे सगळे सोबती पडले, तरी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धावून जाऊन त्यांनी ते घेतलं आणि तिथेच शत्रूच्या गोळीने ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशी पलटण १५ एप्रिल १९५२ ला पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि तिचं नाव झालं '२ पॅरा (मराठा)'. आपल्याकडे घाडग्यांचं नाव निघतं, पण त्यांच्या पलटणीचं पुढे काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. मला ही गोष्ट खटकते.

येळ्ळूरला मित्राचे मामा राहतात, पॅरातून निवृत्त झालेले. राजहंसगड त्यांच्या दारातून दिसतो. मामांनी मला अंगणात उभं केलं, पाय जुळवायला लावले, गुडघे किंचित वाकवायला लावले. "आता पडा! हात टेकायचा नाही, मोडतोय. पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ, असं लोळत जायचं." मी पडलो, शेजारची पोरं हसली. मग आग्र्याच्या पहिल्या उडीची गोष्ट निघाली. पॅकेट विमानाचा कानठळ्या बसवणारा आवाज. पाठीवरच्या छत्रीची पट्टी विमानातल्या तारेला अडकवायची, म्हणजे बाहेर पडताच छत्री आपोआप ओढली जाते. लाल दिवा. हिरवा दिवा. "गो!" अशा पाच उड्या झाल्या की छातीवर बिल्ला.

"भीती वाटली?"

"उडी म्हंजे काय वो, एस्टीतनं उतरल्यासारखं. काम फुडं असतंय."

काम काय असतं ते टांगाईलला दिसलं. ११ डिसेंबर १९७१, दुपार कलताना. पॅकेट, डाकोटा आणि अँतोनोव्ह-१२ विमानांतून २ पॅराची पलटण, सोबत तोफखाना आणि इतर तुकड्या, आताच्या बांगलादेशात टांगाईलजवळ उतरली. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू कमांडर. लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरायचा आणि मैमनसिंगहून ढाक्याकडे परतणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायची, एवढाच हुकूम. सामान गोळा करायला आसपासचे गावकरी धावले. रात्री पूल ताब्यात आला आणि माघारी येणारी पाकिस्तानी फौज अंधारातच त्यावर येऊन आदळली. परदेशी वर्तमानपत्रांत पाच हजार छत्रीधारी उतरल्याचं छापून आलं. प्रत्यक्षात होती एक पलटण आणि तिच्या जोडीच्या तुकड्या, पण ढाक्यातल्या सेनापतींची झोप उडवायला ती अफवा पुरेशी होती.

आता खरी गंमत. दुसऱ्या दिवशी जमालपूरकडून लढत येऊन पुलावर त्यांना भेटली ती पहिली मराठा, जंगी पलटण! वरून आलेले मराठे आणि जमिनीवरून आलेले मराठे, घरापासून इतक्या लांब. मामांच्या भरतीच्या आधीची ही गोष्ट, पण उस्तादांकडून ऐकलेली. सांगताना मामा उठून उभेच राहिले. १६ तारखेला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत २ पॅरा होती.

एवढी मोठी उडी आपण लढाईत पुन्हा मारलेली नाही. आता हेलिकॉप्टर आलं, २ पॅरा स्पेशल फोर्सेस झाली. मराठ्यांचीच २१ वी पलटणही स्पेशल फोर्सेसमध्ये गेली. वाघनख म्हणतात तिला. १९८८ मध्ये मालदीवला, तिथलं बंड मोडायला, ६ पॅरा आग्र्याहून निघाली. उडीची तयारी होती, पण हुलुलेचा विमानतळ बंडखोरांच्या हाती गेला नव्हता, म्हणून विमान सरळ उतरवलं. मी म्हटलं, छत्रीधाऱ्यांची हौस राहिली की.

मामा म्हणाले, "धावपट्टी मोकळी हाय म्हटल्यावर उडी कोण मारंल वो? गुडघे काय सरकार देतंय?"