पावात सोयाबीन, तुपात दूध

इंग्लंडात पावात सोयाबीन असतं. सगळ्या नाही, पण सुपरमार्केटात कापून पिशवीत मिळतो त्या रोजच्या पावात बहुतेक वेळा सोयाचं पीठ असतंच. मी लातूरची. दिवाळीच्या तोंडावर मार्केट यार्डात सोयाबीनला काय भाव निघाला यावर आमच्या घरात फटाके किती आणायचे ते ठरायचं. काकांना फोनवर सांगितलं, "काका, इथं पावातसुद्धा सोयाबीन घालतात." ते म्हणाले, "मग आमचा भाव का पडतोय?"

हे मला कळलं लेकीमुळे. जेमतेम दोन महिन्यांची होती तेव्हा शीमध्ये शेम आणि रक्ताचे धागे दिसायला लागले. अंगावर पुरळ, आणि दूध पिऊन झालं की पाठीची कमान करून रडणं. आधी "पोटात दुखतं बाळांच्या, जाईल" म्हणून परत पाठवलं, कारण वजन नीट वाढत होतं. मग दुसऱ्या डॉक्टर बाईंनी डायपरचा फोटो पाहिला आणि दोन-चार प्रश्नांत मुद्द्यावर आल्या. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी. आई जे खाते त्यातलं थोडं प्रथिन तिच्या दुधात उतरतं आणि बाळाला बाधतं. (लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणं ही वेगळी भानगड, तेव्हा "लॅक्टोज-फ्री दूध घे की" असं कृपया कमेंटमध्ये नको.) दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद, बरं वाटलं तर पुन्हा खाऊन बघायचं, त्रास परत आला तर निदान पक्कं. परत आला. शिवाय दूध सोडूनही थोडं उरलंच होतं, म्हणून सोयासुद्धा बंद. अशा काही बाळांना दोन्ही चालत नाही.

तेव्हा आई बाळंतपणासाठी इथेच होती. दूध, दही, ताक बंद म्हटल्यावर ती काही बोलली नाही. "गाईचं चालत नाही तर म्हशीचं घे" एवढं एकदा म्हणाली, पण म्हशीचं नि शेळीचं प्रथिनही त्याच जातीचं, हे तिने मान्य केलं. अडलं ते तुपावर. "तुपात कुठलं आलंय दूध? दूध जाऊन जाऊन तर तूप होतं!" आहारतज्ज्ञ बाईंचं म्हणणं, कढवून गाळलं तरी दुधाच्या प्रथिनाचा अंश राहतो. मग आईला कुठूनसं कळलं की पूर्ण रिफाइन केलेल्या सोयाबीन तेलाला इथल्या कायद्यात सूट आहे, ॲलर्जी म्हणून ते दाखवायची सक्ती नाही, कारण त्यात प्रथिन जवळजवळ उरत नाही. झालं. "कारखान्यातल्या तेलाला सूट, आणि माझ्या तुपाला नाही?" तिचं अगदीच चुकीचं होतं असं मला आजही म्हणवत नाही. पण शी माझ्या लेकीची होती आणि धुवायची मला होती, त्यामुळे तूप बंद.

डिंकाचे लाडू मग खोबरेलात झाले. कोकणातल्यांना यात काही वाटणार नाही, पण मराठवाड्यात खोबरेल डोक्याला लावतात. आई कढईपाशी नाक मुरडून उभी होती. डिंकाचा पहिला खडा तेलात पडला, तडतडला, पांढरा होऊन टम्म फुलला. ती म्हणाली, "फुलला मेला." लाडू तिने चाखला मात्र नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. इथली लेबलं! डिसेंबर २०१४ पासून असा नियम आहे की चौदा ठरावीक पदार्थांपैकी काहीही असलं तर घटकांच्या यादीत ते उठून दिसलं पाहिजे. दूध, सोया, गहू, अंडं, तीळ, मोहरीसुद्धा. दुकानात एका हाताने बाबागाडी ढकलत दुसऱ्या हाताने पाकीट उलटं करायचं, आणि ठळक अक्षरांत MILK शोधायचं म्हणावं तर ते शोधावंही लागत नाही, तेच डोळ्यांत घुसतं. व्हिनेगरच्या चवीच्या वेफर्समध्ये दुधाची पावडर कशाला, हे मला अजून कळलेलं नाही, पण आहे हे तर कळतं. दुकानातच बनवून गुंडाळून ठेवलेल्या सँडविचला पूर्वी ही यादी लागत नव्हती. नताशा नावाची पंधरा वर्षांची मुलगी २०१६ साली अशाच एका पावातल्या तिळाने गेली. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२१ पासून तिथेही पूर्ण यादी सक्तीची झाली. त्या कायद्याला लोक तिच्याच नावाने ओळखतात.

एकदा कॅफेत नुसतं विचारलं, "यात दूध आहे का?" काउंटरवरची पोरगी विशीचीही नसेल. "नसावं" म्हणाली नाही. आतून जाडजूड फाइल आणली, पान काढून माझ्यापुढे ठेवलं, आणि हातमोजे बदलून दुसऱ्या सुरीने कापून दिलं. त्याच आठवड्यात आपल्या लोकांच्या गणपतीत पेढा नको म्हटलं तर एक काकू म्हणाल्या, "प्रसादाने काही होत नसतं गं." होतं हो काकू. दोन दिवसांनी होतं, आणि मध्यरात्री होतं.

आता लगेच "तुला तिकडचं सगळंच भारी वाटतं" असं म्हणू नका. भारतातही आता पाकिटावर दूध, सोया लिहावं लागतं. पण आपण अर्धं तर सुटं आणतो. आणि इथलं सगळंच काही धड नाही. "दुधाचा अंश असू शकतो" ही ओळ ऐच्छिक आहे, त्यामुळे एक कंपनी सगळ्यावरच छापते आणि दुसरी कशावरच नाही. "व्हीगन" लिहिलेल्या चॉकलेटवर खाली बारीक अक्षरांत तीच ओळ असते. बाळंतपणाच्या वॉर्डात मला जेवण म्हणून लोणी लावलेला गार सँडविच दिला होता, तोही मी विसरलेले नाही.

आणि खरं सांगायचं तर मला वाचवलं ते भाकरीने. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं. भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, मेथीची भाजी. दूध नाही, सोया नाही, पाकीट उलटं करायला पाकीटच नाही. माझ्या ओळखीतली इंग्रज आई अशाच बाळासाठी कोरडे टोस्ट खाऊन रडकुंडीला आली होती. तिला थालीपीठ खिलवलं, तर कृती लिहून घेतली. कॅल्शियमसाठी रोज हजार मिलिग्रॅमची गोळी आणि दहा मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व सांगितलंय, ते घेतेच. वर नाचणी, जिच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम असतं.

सासूबाई विचारतात, "पावडरचं दूध का देत नाहीस? किती दिवस उपाशी राहणार?" एक तर मी उपाशी नाही, वर वाचा. दुसरं, साधी पावडर चालतच नाही. प्रथिन तोडून केलेली खास मिळते, एनएचएसकडून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, फुकट. ती वाईट नाही, कित्येक बाळं तिच्यावर छान वाढतात. आम्ही आणली होती. लेकीने तोंडात घेतली आणि माझ्या अंगावर थुंकली. वास घेऊन बघितला, तिची बाजू पटली. माझ्या अंगावर दूध भरपूर होतं, मला पाजायला आवडतं, आणि चहा मी ओटच्या दुधाचा पिऊ शकते. अजून किती कारणं द्यायची?

आता ती वर्षाची झालीये आणि आहारतज्ज्ञ बाईंच्या देखरेखीखाली आम्ही "दुधाची शिडी" चढतोय. भट्टीत भरपूर भाजलं की दुधाचं प्रथिन बदलतं, म्हणून सुरुवात बिस्किटापासून. मग मफिन, पॅनकेक, चीज, दही, आणि सगळ्यात शेवटी दूध. सहा पायऱ्या. बिस्किट पचलं, पुढच्या आठवड्यात मफिन. आई दर रविवारी फोनवर विचारते, "तूप कितव्या पायरीला?" तूप त्या शिडीवर नाहीच, असं सांगितलं. तर म्हणते, ही शिडी ज्याने केली त्याचा नंबर दे.