जुना चांगला चालत होता ना, मग?

जुना फोन चांगला चालत असताना नवा का घेतला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एकदाच, पण सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देता येईल.

प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. "शेवटी घेतलातच ना नवा?" असं म्हणणारे मनातून खूश असतात. त्यांना मी वर्षानुवर्षं ऐकवत आलेय की फोन काय दर दोन वर्षांनी बदलायची वस्तू आहे का. दुसरे हळूच विचारतात, "खरं सांगा, एवढा फरक पडतो का?" त्यांच्या हातात स्वतःचा जुना फोन असतो आणि त्यांना "नाही हो" एवढंच ऐकायचं असतं. दोघांचंही समाधान होईल असं काही मी सांगणार नाहीये.

आधी जुन्याची बाजू, कारण ती कुणी मांडतच नाही. 2017 चा, स्वस्तातला, 3 जीबी रॅम (चालू अ‍ॅप धरून ठेवायची जागा) आणि 32 जीबी स्टोरेजचा फोन. आत स्नॅपड्रॅगन 625 नावाची चिप, म्हणजे फोनचा मेंदू. त्या काळात स्वस्त फोनांतल्या बऱ्याच चिप 28 नॅनोमीटरवर बनायच्या आणि तापायच्या. ही 14 नॅनोमीटरची होती (हा आकडा जितका लहान तितकी चिप साधारणपणे कमी वीज खाते), आणि हिचे आठही कोअर, म्हणजे चिपमधले काम करणारे भाग, कॉर्टेक्स-ए53 जातीचे, छोटे, कमी खाणारे. जोर लावणारा मोठा कोअर एकही नाही. त्यामुळे फोन तापायचा नाही, बॅटरी दिवस काढून दुसऱ्या दिवसावर जायची, आणि हे मी नवा असतानाचं सांगतेय असं नाही, चांगली काही वर्षं हे असंच होतं. पाठीवर बोटाचा सेन्सर, जो खिशातून फोन काढता काढताच उघडायचा. हेडफोनचं भोक. मेसेज आला की लुकलुकणारा छोटा दिवा. एका हाताच्या अंगठ्याने वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचता यायचं. ह्यातली एकही गोष्ट नव्यात नाही. "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांतली मी नाही, पण ज्या गोष्टी काढून घेतल्या त्या काढून घेतल्या असं तरी म्हणू द्या.

आता वेगाचं. लोकांना वाटतं फरक वेगाचा असतो. असतो, पण तुम्ही समजता तिथे नाही. साधा मेसेज, फोन लावणं, गाणी, ह्यात दोन्ही फोन सारखेच. छोट्या कोअरची अडचण अशी की एखादं जड वेबपान उघडताना बरंचसं काम एकाच कोअरवर येऊन पडतं, बाकीचे सात बघत बसतात. नव्यात चार मोठे, चार छोटे कोअर आहेत. मोठा येतो, काम उरकतो, झोपतो. शिवाय नव्याचा पडदा सेकंदाला 120 वेळा बदलतो, जुन्याचा 60 वेळा. पहिल्या आठवड्यात ते लोण्यासारखं वाटतं. मग डोळे सरावतात आणि जुना हातात घेतला तरच कळतं. ह्यासाठी कुणी फोन बदलू नये हे मी आधीही म्हणायचे, आत्ताही म्हणते.

खरा फरक मी बरीच वर्षं मोजलाच नव्हता. "माझा जुना मस्त चालतो" असं सांगताना मी रोज त्याच्यासाठी काय काय करत होते ते सांगायचे नाही. झोपण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपचे फॉरवर्ड झालेले व्हिडिओ पुसायचे. 'सेंट' नावाच्या फोल्डरमध्ये पाठवलेल्या प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत पडलेली असते, ती शोधून काढायची. एक अ‍ॅप अपडेट करायचं तर आधी दुसरं काढून टाकायचं, अपडेट झालं की काढलेलं परत टाकायचं. फोनचं स्टोरेज म्हणजे फ्लॅश मेमरी, तिच्यात लिहिलं जातं छोट्या पानांवर, पण पुसलं जातं मोठ्या ब्लॉकमध्ये. म्हणून मोकळी जागा संपत आली की एवढंसं लिहायलाही आतल्या आत बरीच हलवाहलव करावी लागते. 32 जीबीतले 31 भरलेला फोन रडत चालतो तो ह्यामुळे, म्हातारपणामुळे नाही. हे मला ठाऊक होतं, त्याचा अभिमानही होता. शेजारणीचा फोन मोकळा करून दिला की ती म्हणायची, "तुम्हाला किती कळतं हो!" आणि मी फुगायचे.

आता ते प्रकरण. अर्ध्या नातेवाइकांना माहीत आहे, पण प्रत्येकाला वेगळं माहीत आहे.

आईचं ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी एका दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं दादाने जमवलं. ते अर्ध्या तासात निघणार होते आणि त्यांना रिपोर्टचा कागद नको होता, एमआरआयच्या मूळ इमेजेस हव्या होत्या. त्या एका पोर्टलवर होत्या, लिंक माझ्या मेलमध्ये, ओटीपी माझ्या नंबरवर. आईची सगळी कागदपत्रं मी बघायचे, म्हणून.

मी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभी राहून लिंक उघडली. पान उघडलं, नंबर टाकला, ओटीपी आला. तो बघायला मी मेसेजमध्ये गेले आणि परत ब्राउझरवर आले, तर पान कोरं. गोल फिरतंय. रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागचं अ‍ॅप बंद करून टाकतं, तुम्ही परतलात की ते पहिल्यापासून सुरू होतं. पुन्हा नंबर, पुन्हा ओटीपी, आधीचा बाद. ह्या वेळी मेसेज उघडायचाच नाही, वरून सरकणाऱ्या नोटिफिकेशनमध्येच आकडे वाचायचे असं ठरवून मी डोळे ताणून उभी. आकडे वाचले, टाकले, आत गेले, डाउनलोड दाबलं. "पुरेशी जागा नाही."

मग मी व्हिडिओ पुसायला बसले. पॅसेजमधल्या बाकावर, दादा समोर उभा, हातात त्याचा फोन, त्यावर डॉक्टरांचे सहायक. दादा त्यांना म्हणत होता, "हो, हो, पाठवतोच आहे." जागा झाली. पुन्हा लॉगिन. फाइल उतरायला लागली, पट्टी अर्ध्यावर आली, आणि फोन बंद. बॅटरी 29 टक्के दाखवत होती.

हे 29 टक्क्यांचं कोडं मला नंतर नीट उलगडलं, तेही लिहिते, कारण तुमच्याही फोनचं हेच होत असेल. लिथियम-आयनची बॅटरी जुनी झाली की तिची साठवण घटते हे सगळ्यांना माहीत असतं. त्याबरोबर तिचा आतला रोधही, म्हणजे विजेला होणारा अडथळाही वाढतो, हे कुणी सांगत नाही. रेंज कमी असलेल्या जागी फोनचा रेडिओ जोर लावतो, पडदा पूर्ण उजेडावर, मेमरीत लिहिणं चालू. करंट एकदम जास्त ओढला की रोधामुळे व्होल्टेज खाली येतं, आणि ते ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेलं की फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. चार्ज असतो, तो काढता येत नसतो. टक्केवारी हा शेवटी फोनने बांधलेला अंदाज.

तेव्हा हे काही डोक्यात नव्हतं. बटण दाबून धरलं, लोगो आला, लोगोच राहिला. वहिनी उठली, काही न बोलता तिने ओढणीची पिन काढली, माझ्या फोनच्या कडेच्या भोकात खुपसून सिमचा ट्रे बाहेर काढला आणि माझं सिम तिच्या फोनमध्ये घातलं. पाचेक मिनिटांत फाइल गेली. डॉक्टर तोवर निघून गेले होते. त्यांनी रात्री घरून इमेजेस बघितल्या आणि कळवलं की ठरलंय तसंच करा. ऑपरेशन झालं, आई बरी आहे. म्हणजे हिशेबाने बघितलं तर काहीच बिघडलं नाही.

खोलीत आईला हे सगळं कळलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्याआधी त्या फोनला अ‍ॅडमिट करा." सगळे हसले. दादा हसला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "तुझी काटकसर तुझ्यापुरती ठेव."

ते वाक्य मला अजून लागतं. आणि अजून मान्यही नाही. एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे इमेजेस पाठवायचा रस्ता एका माणसाच्या खिशातल्या फोनवरून जातो, हा माझ्या काटकसरीचा दोष आहे का? इमेजेसची प्रत आधीच काढून का ठेवली नाही असं दादा स्वतःला विचारेल का? हे मी त्याला म्हटलं नाही, तुम्हाला म्हणतेय. पण त्या बाकावर पुसण्यासाठी व्हिडिओ निवडत असताना मला रोजच्या कामाचीच सवय हाताला जाणवली, हेही खरं. बोटं सराईतपणे चालत होती. "चालतो" असं मी ज्याला म्हणत होते ते बरंचसं माझं काम होतं, आणि ते करायला रोज रात्री निवांत वेळ असायचा म्हणून कधी दिसलं नव्हतं.

तुम्हाला वाटतं त्यानंतर मी नवा फोन घेतला. नाही घेतला. मी हट्टाने बॅटरी बदलून घेतली. आणि फोन खरंच सुधारला! बंद पडणं थांबलं, मी सगळ्यांना दाखवत फिरले. जुना फोन टाकण्याआधी बॅटरी बदलून बघा हा माझा सल्ला आजही कायम आहे.

त्याला घरी बसवलं ते सॉफ्टवेअरने. तो अँड्रॉइड 7.0 वर थांबलेला होता. 2023 च्या अखेरीस क्रोम ब्राउझरने 119 नंबरच्या आवृत्तीवर त्याचा हात सोडला, पुढच्यांना अँड्रॉइड 8 लागतं. मग काही अ‍ॅपमध्ये चित्रं येईनात, काही "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणायला लागली. ह्याचं एक कारण मजेशीर आहे. वेबसाइट खरी आहे हे तपासायला फोनमध्ये विश्वासू प्रमाणपत्रांची यादी असते, आणि जुन्या फोनांत ती सिस्टिमबरोबरच अपडेट होते. असंख्य वेबसाइट ज्या 'लेट्स एन्क्रिप्ट' नावाच्या संस्थेची प्रमाणपत्रं वापरतात, त्यांचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड 7.1.1 पासून पुढेच त्या यादीत आहे. जुन्या फोनांसाठी केलेली सोय 30 सप्टेंबर 2024 ला संपली. फायरफॉक्स नावाचा ब्राउझर स्वतःची यादी बाळगतो, त्यामुळे त्यातून सगळं उघडायचं, आणि मी काही महिने तेही केलं. पण बँकेचं अ‍ॅप फायरफॉक्समध्ये थोडंच चालतं? एक दिवस त्याने सांगून टाकलं की ह्या आवृत्तीवर आता आम्ही नाही. फोन ठणठणीत, बॅटरी नवी, आणि तरी संपला. ह्याचा राग मला त्या बंद पडण्यापेक्षा जास्त आहे.

तर नवा. मधल्या किमतीतला, 8 जीबी रॅम, 256 जीबी स्टोरेज. ओटीपी बघून परत आलं की पान जागेवर असतं. बस, माझ्या दृष्टीने हे एवढंच, आणि हे फार आहे. रात्री मी काही पुसत नाही. अंधारातले फोटो जुन्यात यायचेच नाहीत. नवा एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो, लेन्स हाताचं थरथरणं सावरते, आणि दिव्याच्या उजेडातही चेहरा ओळखू येतो.

पण चेहऱ्याचंच सांगते. आईचा एकच फोटो मी दोन्ही फोनांनी, त्याच खिडकीपाशी काढला. जुन्यात कडा मऊ आहेत, सावलीत दाणे आहेत, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या जशाच्या तशा. नव्यात आई तरतरीत दिसते. गालावरचा डाग अर्धा पुसलेला. चेहरा गुळगुळीत करणारं 'ब्यूटी' बंद केलं तरी दाणे काढायच्या नादात थोडं पुसलं जातंच. आईला नवा आवडला. मी जुना ठेवलाय.

आणि रात्री कमी उजेडात वाचलं की माझं डोकं चढतं. नव्याचा पडदा अमोलेड जातीचा, ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो; अशा बऱ्याच पडद्यांत उजेड कमी करायला पिक्सेल चालू-बंद करतात, सेकंदाला 240 वेळा वगैरे. डोळ्यांना दिसत नाही, काहींना जाणवतं. जुन्याच्या एलसीडी पडद्यावर मला हे कधी झालं नाही. बोटाचा सेन्सर पडद्याखाली गेलाय, हात ओला असला की "पुन्हा प्रयत्न करा". वजन 200 ग्रॅमच्या पुढे. झोपून वाचताना तोंडावर पडला की कळतं.

पूर्वीची मी मला विचारते, मग काय मिळवलंस? मी म्हणते, रात्रीची वीस मिनिटं. ती म्हणते, त्या वीस मिनिटांत तू आता काय करतेस, फोनच बघतेस ना? ह्याला उत्तर नाही. ती असंही म्हणते की बॅटरी बदलली तेव्हाच सगळं मिटलं होतं, बाकीचं कंपन्यांनी केलं. ह्यात तिचं बरोबर आहे. युरोपात 20 जून 2025 पासून नियम आलाय की विक्री थांबल्यानंतरही निदान पाच वर्षं अपडेट द्यायचे आणि बॅटरी 800 वेळा चार्ज झाल्यावरही 80 टक्के उरली पाहिजे. म्हणजे हे करता येतं, आधी करत नव्हते. माझ्या जुन्याला एवढं मिळालं असतं तर तुम्ही मला हा प्रश्न विचारलाच नसता.

तुम्ही बदलावा का? सेटिंगमध्ये जाऊन सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची तारीख बघा, मोकळी जागा बघा, आणि स्वतःला विचारा की फोनसाठी तुम्ही रोज काय काय करता. मग ठरवा, माझ्यावर ढकलू नका.

नव्याला किती सालापर्यंत अपडेट मिळणार ते मी लिहून ठेवलंय. त्याची बॅटरी त्याच्या आधीच थकणार, आणि ती मी बदलून घेणार. दादाला हे सांगितलं, त्यावरून आमचं आत्तापासूनच वाजलंय.