डब्लिनमध्ये सोनं आणि बॉग

डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय १८९० सालचं. तिकीट नाही, हे आधीच सांगते. आत शिरताच गोल दालन आणि पायाखाली राशिचक्राची मोझेक फरशी. सगळे तिचा फोटो काढतात. आम्हीही काढला आणि पुढे सरकलो.

मधल्या दालनात सोनंच सोनं! मी रेंगाळले ते ब्रॉयटर या ठिकाणी सापडलेल्या होडीपाशी. तळहातावर मावेल एवढीशी, पण बसायच्या फळ्या, डोलकाठी, दोन्ही बाजूंना बारीक वल्ही, सगळं सोन्याचं. १८९६ साली नांगरट करताना हा ऐवज वर आला. ब्रिटिश म्युझियमने तो विकत घेतला होता. कोर्टकचेरी होऊन १९०३ मध्ये निकाल लागला, तेव्हा कुठे तो डब्लिनला आला. आठव्या शतकातला आर्डाचा चषक तर १८६८ मध्ये बटाटे खणताना सापडलेला. इथलं अर्धं वैभव शेतकऱ्यांच्या फाळा-फावड्याने वर काढलंय.

उरलेलं जपलं बॉगने. बॉग म्हणजे पीटची, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची दलदल. तिथलं पीट कापून, वाळवून लोक पिढ्यान्‌पिढ्या जाळत आले. आत प्राणवायू जवळजवळ नाही, पाणी आम्लधर्मी, त्यामुळे माणूससुद्धा कुजत नाही. ओल्डक्रोहन मॅन २००३ मध्ये चर खोदताना मिळाला. डोकं नाही, कमरेखालचं काही नाही. फक्त धड आणि हात. कातडी थेट कोल्हापुरी चपलेच्या रंगाची. काचेला नाक लावून मी त्याचा पंजा बघितला: बोटांवरच्या रेषा शाबूत, नखं नीटस. कष्टाची कामं केलेला हा हात नव्हे. दंडावर विणलेला चामड्याचा पट्टा, आणि दंडांना भोकं पाडून त्यांतून हेझल नावाच्या झाडाच्या काड्या ओवलेल्या. माणूस साडेसहा फूट उंच असावा. पूर्वी इथे काम केलेले तज्ज्ञ ईमन केली यांच्या मते असे लोक राजे किंवा राजपदाचे दावेदार होते आणि राज्याच्या सीमेवर त्यांचा बळी दिला गेला. पटण्यासारखं आहे, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या मनातलं कोण सांगणार?

शेजारच्या क्लोनीकॅव्हन मॅनने केस उभे राहावेत म्हणून परदेशी पाइनच्या राळेचा लेप लावलेला. फ्रान्स किंवा स्पेनमधून आलेली राळ! हौसेला मोल नाही.

मृतांना असं मांडावं का, हा प्रश्न मला पडला. पण प्रत्येकासाठी वेगळा गोलाकार आडोसा आहे, आत शिरलं की आवाज आपोआप उतरतो. तमाशा वाटत नाही. वरच्या मजल्यावरचे व्हायकिंग मात्र मी भराभर उरकले. पाय बोलायला लागले होते. तुम्ही गेलात तर आधी बॉगवाले बघा, सोनं नंतर.