उरलेली आठ माणसे

संगणकवाल्यांच्या जगात एक विनोद इतका जुना झाला आहे की तो सांगणाऱ्यालाही आता हसू येत नाही. जगात 10 प्रकारची माणसे असतात, एक बायनरी समजणारी आणि दुसरी न समजणारी, असा तो विनोद. बायनरीत 10 म्हणजे आपले दोन, एवढीच त्यातली गंमत. परंतु हा विनोद फक्त कागदावर किंवा पडद्यावर जगतो, तोंडाने 'दहा' म्हटले की तिथेच मरतो. नोकरीसाठी मँचेस्टरला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याच्या चहाच्या कपावर मी तो वाचला आणि उत्साहाच्या भरात त्याच रविवारी सोलापूरला फोन लावून आप्पांना मराठीतून ऐकवला. आप्पांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "दोन झाली. उरलेली आठ कुठली गं?"

मग मी बायनरी समजावून सांगायला बसले. विजेचा प्रवाह आहे किंवा नाही, एक किंवा शून्य, आणि साऱ्या जगाचा हिशेब या दोनच खुणांत मांडायचा, वगैरे वगैरे. माझे व्याख्यान रंगात आले असताना आप्पा मध्येच म्हणाले, "म्हणजे भोक आहे किंवा नाही, एवढंच की. मग सरळ तसं सांग की."

त्यांना ते समजणारच होते. त्यांची उमेदीची तीस वर्षे सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, कार्डे पाडण्यात गेली आहेत. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी छापलेली नसते, विणलेली असते, हे बाहेरच्या अनेकांना ठाऊक नसते. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवायची, एकेका चौकटीकडे पाहत पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्यांना भोके पाडायची आणि त्या पट्ट्या क्रमाने दोरीत ओवून मागाच्या माथ्यावर चढवायच्या, असे ते काम. जिथे भोक असेल तिथली सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला हूक उचलला जातो आणि ताण्याचा तेवढा उभा धागा वर येतो. जिथे भोक नसेल तिथली सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. बाण्याच्या एका आडव्या धाग्याला एक कार्ड, याप्रमाणे एका नक्षीला कार्डांची भली मोठी माळ लागते. तिच्यात एक जरी कार्ड चुकीच्या जागी ओवले गेले, तरी मोराची मान प्रत्येक चादरीत त्याच ठिकाणी मोडते.

आमच्या धंद्यात याला बग म्हणतात. चुकून जास्तीचे भोक पडले तर आप्पा त्यावर कागदाचा तुकडा खळीने चिकटवीत. आज आपल्या फोनवर दर महिन्याला जो 'पॅच' येऊन पडतो, त्याचे नाव याच ठिगळावरून आलेले आहे, कारण सुरुवातीच्या काळात प्रोग्राम कार्डांवर किंवा कागदी फितीवर भोके पाडूनच लिहिला जाई आणि चूक झाली की त्या जागी खरोखरचे ठिगळ लावले जाई. हे मला अभियांत्रिकीच्या चार वर्षांत कोणी सांगितले नव्हते. परदेशात आल्यावर कळले आणि घरी सांगितल्यावर आप्पांना त्यात काही विशेष वाटले नाही.

जॅकार्डपासून संगणकापर्यंतची वाट खरोखर सरळ आहे. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार्डने 1804 च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. पुढे इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजने आपल्या विश्लेषक यंत्रासाठी, म्हणजे आजच्या संगणकाच्या पूर्वजासाठी, कार्डांची हीच कल्पना उचलली, आणि जॅकार्डचा माग जशी फुलेपाने विणतो तसे हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणते, असे एडा लव्हलेसने 1843 मध्ये लिहून ठेवले. अमेरिकेत 1890 च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलेरिथने माणसांची मोजदाद भोके पाडलेल्या कार्डांवर केली. 1928 मध्ये आयबीएमने त्या कार्डावर ऐंशी रकाने बसवले आणि या ऐंशीच्या आकड्याने माझ्या पहिल्या नोकरीत माझा छळ मांडला.

तो छळ असा. मी लिहिलेला कोड तपासणारा एक ज्येष्ठ सहकारी, ज्या ज्या ओळीत ऐंशीपेक्षा जास्त अक्षरे असतील त्या त्या ओळीवर खूण करून परत पाठवीत असे. माझ्यापुढे हातभर रुंदीचा पडदा आहे, त्यावर अडीचशे अक्षरे सहज मावतात, मग ही ऐंशीची मर्यादा कशासाठी, असे मी एकदा विचारले. वाचायला सोपे जाते, हे त्याचे उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. कार्डात ऐंशी रकाने होते म्हणून पुढच्या काळातल्या बहुतेक टर्मिनलांच्या, म्हणजे संगणकाला जोडलेल्या पडदा-कळफलकांच्या, पडद्यांवर ऐंशी अक्षरांची ओळ आली. पडद्यावर ऐंशी होती म्हणून लिहिणाऱ्यांच्या हाताला ऐंशीचे वळण लागले. आणि पुठ्ठ्याची कार्डे रद्दीत जाऊन कित्येक दशके लोटली तरी वळण राहिले. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेचे अधिकृत वळण आजही 79 अक्षरांवर थांबायला सांगते. लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहिणाऱ्यांनी 2020 मध्ये ही तपासणी शंभरापर्यंत सैल केली, तेव्हा काही लोकांना धर्म बुडाल्यासारखे वाटले.

अशा वादांना आमच्याकडे 'धर्मयुद्धे' असेच म्हणतात आणि ती मोठ्या हौसेने लढली जातात. ओळीच्या आधीची मोकळी जागा टॅबने सोडावी की स्पेसने, यावर दोन सुशिक्षित माणसे जेवणाची सुट्टी संपेपर्यंत भांडू शकतात. त्यातली टॅबची एक कथा मला फार आवडते. 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी कोडपासून चालता प्रोग्राम तयार करणारे 'मेक' नावाचे साधन लिहिले आणि त्यात काही ओळींच्या सुरुवातीला टॅबच हवा, स्पेस चालणार नाही, असा नियम येऊन बसला. तो अडचणीचा आहे हे त्यांना लवकरच कळले. पण तोवर ते साधन वापरणारे डझनभर लोक, बहुतेक मित्रच, तयार झाले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. त्या डझनभर मित्रांच्या भिडेपायी आज जगभरातले लोक न दिसणाऱ्या टॅबवर ठेचकाळत आहेत. भिडेने जग चालते असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणत, तेव्हा आम्ही त्यांना हसत होतो.

कोड लिहिण्यासाठी व्हीआय नावाचा संपादक-प्रोग्राम वापरणारे लोक कर्सर हलवण्यासाठी बाणांच्या कळांऐवजी एच, जे, के, एल ही अक्षरे दाबतात आणि त्यात त्यांना मोठा पुरुषार्थ वाटतो. बिल जॉय यांनी ज्या टर्मिनलवर तो लिहिला, त्याच्या कळफलकावर वेगळे बाण नव्हतेच. ते याच चार अक्षरांवर छापलेले होते, एवढेच त्यामागचे रहस्य. मी स्वतः व्हीआयच वापरते, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे.

हार्डवेअरच्या बाबतीत मात्र मी सोलापूरचीच राहिले आहे. आमच्या घरात पहिला संगणक आला तो सुट्या भागांतून जोडलेला होता, आणि शेजारच्या खोलीत दोन माग चालत असल्यामुळे त्याच्या पंख्यात दर पंधरवड्याला कापसाच्या तंतूंची लहानशी गादी तयार होत असे. एप्रिल-मेमध्ये बाहेर त्रेचाळीस अंश ऊन असताना कॅबिनेटचे एका बाजूचे झाकण काढून समोर टेबलफॅन लावणे, हीच आमची शीतकरण यंत्रणा. संगणक सुरूच झाला नाही आणि नुसते पीं पीं वाजू लागला, तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या खोडरबरने घासायच्या आणि पुन्हा दाबून बसवायच्या. इथल्या कार्यालयात एक जुने यंत्र असेच रुसले होते. तांत्रिक विभागाने ते भंगारात काढायचे ठरवले, तेव्हा मी समोरच्या दुकानातून खोडरबर आणले आणि सगळ्यांच्या देखत ती पूजा केली. यंत्र चालू झाले. त्या दिवसापासून माझ्याकडे कोणीतरी हिमालयातून आल्यासारखे पाहिले जाते.

पूजेवरून आठवले, खंडेनवमीला आमच्याकडे मागाबरोबर संगणकालाही हळदकुंकू लागायचे आणि कळफलकावर झेंडूचे फूल पडायचे. इथे सर्व्हरच्या खोलीत उदबत्ती लावली तर आगीची घंटा वाजून चार मजली इमारत रस्त्यावर येईल, त्यामुळे तो बेत मी मनातच ठेवला आहे. अर्थात इथले लोकही काही कमी नाहीत. शुक्रवारी दुपारनंतर सर्व्हरवर नवे काहीही चढवायचे नाही, हा नियम सगळ्या मजल्यावर इतक्या श्रद्धेने पाळला जातो की त्याला शास्त्राधार विचारणे उद्धटपणाचे ठरते.

विजेच्या टंचाईत वाढलेल्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट मला इथे ऐकायला मिळाली. आज आपल्या बहुतेक फोनांत ज्या घराण्याचे प्रोसेसर असतात, त्या एआरएमची पहिली चिप केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत 26 एप्रिल 1985 रोजी चालवून पाहिली गेली. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे तिचे मुख्य रचनाकार. ती किती वीज खाते हे मोजायला मीटर लावला, तर काटा शून्यावर. चिप तर व्यवस्थित काम करीत होती. शोध घेतल्यावर उमगले की तिला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता आणि शेजारच्या चिपांकडून येणाऱ्या तारांतून जी थोडी वीज पाझरत होती, तिच्यावरच बाई चालल्या होत्या. म्हणजे सोप्या मराठीत, आकडा टाकून. फर्बर पुढे मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले. भारनियमनाच्या दिवसांत त्यांची चिप आमच्या गल्लीत असती, तर तिचा सत्कार झाला असता.

या जगातली एक गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही. नव्या माणसाने साधा प्रश्न विचारला की 'आधी माहितीपुस्तिका वाच' असे तुसडे उत्तर देण्यात काहींना आनंद होतो, आणि जुन्या यंत्रांचे तपशील ठाऊक असणे हे मोठेपणाचे प्रमाणपत्र समजले जाते. मी हे आधी पाहिलेले आहे. कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर हाताखालच्या पोराला पाना धरायला लावी आणि नेमकी गाठ सोडवायच्या वेळी त्याला चहा आणायला पाठवी. आप्पांनी कार्डे पाडणे शिकले ते असेच, चहा सांडत धावत परत येऊन. इथला तुसडेपणा शिष्ट इंग्रजीत असतो, इतकाच फरक. पोराला चहाला पाठवणे मात्र तेच आहे.

मँचेस्टर हे कापसावर वाढलेले शहर आहे आणि संगणकाच्या इतिहासातही त्याचे नाव ठळक आहे, त्यामुळे इथल्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात जॅकार्डचा माग आणि 'बेबी' नावाचा संगणक हे दोन्ही एकाच तिकिटाशिवाय, म्हणजे फुकट, पाहायला मिळतात. बेबीची तिथे आहे ती प्रतिकृती. मूळ यंत्र फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी विद्यापीठात उभारले आणि स्वतःच्याच स्मृतीत साठवलेला प्रोग्राम त्याने 21 जून 1948 रोजी पहिल्यांदा चालवला. लोखंडी मांडण्यांनी खोलीची भिंत भरून टाकणाऱ्या त्या यंत्राची स्मृती होती 128 बाइट. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह आजच्या पद्धतीने साठवायला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने 'मुक्काम पोस्ट सोलापूर' हे दोनदा मावते आणि तिसऱ्यांदा लिहायला गेल्यास 'मु' वर जागा संपते. हा हिशेब मी संग्रहालयातल्या बाकावर बसून केला. याच घराण्यातल्या पुढच्या यंत्राकडून क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी 1952 मध्ये प्रेमपत्रे लिहून घेतली होती, शब्द यंत्रानेच चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले. विनोद करण्याची हौस या यंत्रांइतकीच जुनी आहे, असे मला तेव्हापासून वाटते.

गेल्या जानेवारीत, सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली होती तेव्हा, मी त्या संग्रहालयातून आप्पांना व्हिडिओ कॉल केला. सोलापुरात संध्याकाळ झाली होती आणि मागे पाळण्यांचा गोंगाट ऐकू येत होता. जॅकार्डपुढे त्यांनी मला बराच वेळ थांबवून ठेवले, फोन वर धर, खाली धर, दोरी दाखव, असे करीत. आणि कार्डे जुनी असली तरी ओवणाऱ्याचा हात चांगला होता, असा अभिप्राय दिला. नंतर मी बेबीपुढे गेले. काचेच्या नळ्या, तारांची जाळी, लुकलुकणारा हिरवा पडदा, सगळे फिरवून दाखवले.

"ह्याच्यातून माल काय निघतो?" आप्पांनी विचारले.

मी सांगितले की पहिल्या दिवशी याला 262144 या संख्येचा सर्वांत मोठा विभाजक शोधायला दिला होता, ती संख्या स्वतः सोडून. सतरा सूचनांचा प्रोग्राम होता, यंत्र 52 मिनिटे चालले आणि उत्तर आले 131072.

"तुमच्या त्या भोकांत किती होतं ते?"

मी मनातल्या मनात मांडले. एक आणि त्यापुढे सतरा शून्ये.

आप्पांनी थोडा विचार केला. मागे कोणीतरी पिपाणी वाजवीत गेले. "अठरा जागा," ते म्हणाले, "बावन्न मिनिटं, आणि भोक एकच?"