पाचोळ्याचा आवाज

गेले तीन आठवडे डोक्यात एकच विचार गरगरत होता. रात्री झोप नाही, दिवसा कशात लक्ष नाही. आज सकाळी मोबाईल घरीच ठेवला आणि टेकडीच्या पायवाटेने निघाले. सुरुवातीला तोच विचार सोबत चालला. मग हळूहळू पायाखालचा पाचोळा ऐकू यायला लागला. एका खोडावर मुंग्यांची रांग चढत होती, ती बघत किती वेळ उभी राहिले कोण जाणे! तेव्हा लक्षात आलं, आवळलेला जबडा सैल झालाय.

२०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही जणांना ९० मिनिटं निसर्गात चालायला पाठवलं, काहींना रहदारीच्या रस्त्यालगत. निसर्गात चाललेल्यांचं मनातल्या मनात तेच ते उगाळणं कमी झालं, त्याच्याशी निगडित मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली. हे वाचलं होतं, पण अंगाला आज जाणवलं. (कुणाचे नैराश्यावर उपचार चालू असतील तर ते मात्र सोडू नका हं, हे त्यांच्या जोडीला.)

अडचण अजून सुटलेली नाही. पण दुपारी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. उद्या आईलाही घेऊन जाणार आहे.